रॉकेलच्या वासाची वाइन

दिल्लीहून परत आले आणि आमच्या भिशीच्या बायकांनी पहिला प्रश्न केला, लाल किल्ला कसा आहे? म्हटलं, असेल बरा, मी काही पाहिला नाही. मग राष्ट्रपतिभवनाची बाग? तीही नाही. कुतुबमिनार मेट्रोतून लांबून दिसतो म्हणे, पण मी नेमकी उलट्या बाजूला तोंड करून बसले होते. मग इतके दिवस केलंस तरी काय, असं कुसुमनं खोदून विचारल्यावर मी खरं ते सांगून टाकलं, की वाइन प्याले. कुसुमच्या हातातला चिवडा हातातच राहिला. तेव्हाच ठरवलं, की हे सगळं एकदा नीट लिहून काढावं, नाहीतर कानोकानी गावभर भलतंच काहीतरी पोचायचं.

मी नलिनी. नाशिकची, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. आमच्या घरापासून थोडं बाहेर पडलं की द्राक्षांचे मळे लागतात आणि मळ्यांना लागून वाइनचे कारखाने. पुण्या-मुंबईची पोरं सुट्टीच्या दिवशी तिकडे झुंडीनं येतात. त्या रस्त्यानं माझी आयुष्यभर ये-जा झाली, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. द्राक्ष खावं, उरलं तर बेदाणा करावा, कुजवून पिण्याचं काय कारण, असं माझं ठाम मत होतं. आता ते तितकंसं ठाम राहिलेलं नाही, हे आधीच सांगते.

मार्चमध्ये धाकट्या बहिणीचा, वसूचा, दिल्लीहून फोन आला. ती बोलण्याऐवजी रडतच होती. तिचे यजमान अनंतराव केंद्र सरकारच्या नोकरीतून महिनाअखेर निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायची, सामान बांधायचं आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं, असा बेत. पण त्यांची एकुलती एक मुलगी सई दिवाळीपासून घराची पायरी चढली नव्हती. बापलेकीचं बोलणं बंद. सई गुरुग्रामच्या एका हॉटेलात वाइन निवडायचं आणि वाढायचं काम करते, आणि अनंतरावांनी सांगून टाकलं होतं, की हे काम करतेस तोवर तुझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही. वसूचं मागणं फार मोठं नव्हतं. आम्ही दिल्ली सोडायच्या आधी दोघं एकदा तरी एका टेबलावर जेवू देत, ताई, एवढंच म्हणाली. मी तिकीट काढलं.

सरोजिनी नगर

दिल्लीत मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ असते, हे भूगोल शिकवूनही मला ठाऊक नव्हतं. रस्त्याच्या एका बाजूला पिवळ्या पानांचे ढीग आणि दुसऱ्या बाजूला काटेसावरीची लालभडक फुलं, मुठीएवढी, पदपथावर पडून चिरडलेली. वसूच्या क्वार्टरची ओळ अजून जुनी, दोन मजली, पण मागची सगळी पाडून तिथे उंच इमारती उठल्यात. तिच्या गच्चीत कपडे वाळत घालताना समोरच्या विसाव्या मजल्यावरचा माणूस आपल्याकडे बघतोय असं वाटत राहतं.

संध्याकाळी वसूनं मला बाजारात नेलं. तिथे कपडे घडी करून ठेवत नाहीत, ढीग मारतात आणि त्यावर माणूस उभा राहून ओरडतो. माझा पदर एका बाईच्या पिशवीत अडकला आणि मी तिच्याबरोबर चार दुकानं फरफटत गेले. वसू मागून हिंदीत ओरडत होती. घरात ती आपल्यासारखीच शुद्ध मराठी बोलते, पण उंबरा ओलांडला की अशी काही कडक हिंदी झाडते, की मी बघतच राहिले. ही माझी लाजाळू बहीण, जी माहेरी असताना वाण्याकडे जायला घाबरायची.

पण खरा धक्का घरात बसला. अनंतरावांचं नाक म्हणजे आमच्या माहेरी कौतुकाचा विषय. जावई लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा दारातूनच म्हणाले होते, आमटीत गोडा मसाला आहे आणि गूळ घालायचा राहिलाय. आईनं चाखून पाहिलं तर खरंच राहिला होता. सई लहान असताना तिला खांद्यावर बसवून ते फळांच्या गाडीवर न्यायचे. आंबा देठाशी हुंगायचा, आधी स्वतः, मग वर हात करून तिच्या नाकाशी धरायचा, आणि ती मान हलवेल तोच घ्यायचा. ही गंमत मी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

आता ह्या घरात आंबे फोनवरच्या ॲपवरून येतात, असं वसूनं सांगितलं. जेवताना अनंतराव आधी गोडाचा घास घेतात, ती त्यांची जुनी सवय. पण त्यानंतर प्रत्येक गोष्टीवर मीठ, प्रत्येक गोष्टीवर लिंबू, वर हिरव्या मिरचीचं लोणचं. वसूच्या हाताची चव गेली, असं माझ्यासमोरच म्हणाले. ती बिचारी खाली मान घालून पोळी मोडत राहिली. मला रागच आला. आयुष्यभर जिच्या हातचं खाल्लं तिला चारचौघांत असं बोलतात का?

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक झालं. आम्ही दोघी गच्चीत होतो. खाली दूध उतू गेलं, जळलं, जिन्यापर्यंत वास आला. धावत आले तर अनंतराव स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. वसू तडकली. ते म्हणाले, लक्ष नव्हतं. निवृत्ती जवळ आली की पुरुषांचं असंच होतं, अशी मी मनाशी समजूत घातली. आमच्या ह्यांनी तर निवृत्तीच्या आठवड्यात घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली होती.

मी सईचा विषय काढून पाहिला. त्यांनी वरणावर लिंबू पिळलं आणि शांतपणे म्हणाले, "नलूताई, तो विषय नको." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तो थकलेला वाटला, आणि त्यानं मी जास्तच बुचकळ्यात पडले.

मुनिरका

सई मुनिरकात भाड्यानं राहते. मेट्रोतून उतरून मोठ्या रस्त्यानं गेलात तर वाटेल, चांगली वस्ती आहे. मग एका बोळात शिरायचं, आणि मग त्या बोळाच्या बोळात. डोक्यावर तारांचं जाळं इतकं दाट, की आभाळ दिसत नाही. सगळीकडे विद्यार्थी. प्रत्येक मजल्यावर वेगळं राज्य शिजत होतं. पहिल्या मजल्यावर मोहरीचं तेल, दुसऱ्यावर कसलातरी आंबलेला उग्र दर्प, जो सईच्या म्हणण्यानुसार बांबूच्या कोंबांचा होता. तिसऱ्यावर सई.

तिनं मला घट्ट मिठी मारली. पोर वाळली होती. खोलीत एक पलंग, एक टेबल, आणि भिंतीला लागून बाटल्या. एका फळीवर झाकणाच्या लहान लहान बरण्या होत्या. त्यांत लवंग, लिंबाची साल, वाळकं गवत, कॉफी, पेन्सिलीचा भुसा, एकीत तर चक्क ओली माती. मला क्षणभर वाटलं, पोरगी करणीबिरणी करायला लागली की काय. तर ते तिचं रियाजाचं सामान. रोज सकाळी डोळे मिटून एकेक बरणी हुंगायची आणि ओळखायची.

मी मुद्द्यावर आले. म्हटलं, बाबांकडे जेवायला चल. ती म्हणाली, बिल्कुल येईन मावशी, पण आधी तू माझं एक काम कर. तिच्या हॉटेलच्या मालकीणबाईंनी तिला एक संधी दिली होती. रविवारी दुपारी दहा-बारा खास पाहुण्यांना अस्सल मराठी जेवण, आणि प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी पांढरी वाइन. जमलं तर वाइनचा सगळा विभाग तिच्या हाती. हॉटेलचा आचारी मटकीची उसळ म्हणून जे करतो ते तिला तोंडात धरवत नव्हतं. स्वयंपाक मी करावा, असं तिचं म्हणणं.

मी नाशिकहून पोरीला ह्या धंद्यातून बाहेर काढायला आले होते आणि ती मला त्याच धंद्यात ओढत होती. पण लेकीनं घरी यायचं कबूल केलं होतं ना. मी हो म्हटलं.

मग तिनं सांगितलं, की कशाबरोबर काय जाईल हे ठरवायला तूही चाखायला हवं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिनं चार ग्लासांत तळाशी थोडी थोडी ओतली. सगळ्या मला सारख्याच दिसल्या, लिंबू पिळलेल्या पाण्यासारख्या. तिनं पहिला ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं, घोट घेतला, गालांतून खळखळ फिरवला, आणि काय सांगू, शेजारी ठेवलेल्या स्टीलच्या भांड्यात थुंकली.

मी हबकलेच. दारू पिते हे ऐकून आले होते, त्याची मनाची तयारी होती. पण जेवणाच्या टेबलावर, खाण्याच्या पदार्थाशेजारी, माणसांसमोर थुंकायचं? आमच्याकडे उष्ट्या चमच्यानं कोणी लोणचं काढलं तर अख्खी बरणी बाद होते. ती म्हणाली, दिवसाला वीस-तीस वाइन चाखायच्या असतात, गिळल्या तर संध्याकाळी उभी कशी राहणार? म्हणजे ही पोरगी जवळजवळ पीतच नाही. हे तिनं आईबापाला सांगितलं होतं का, विचारलं. तर म्हणाली, सांगू कुणी दिलं तर ना.

पहिली सॉव्हिन्यों ब्लाँ. बाटलीवरचा गाव वाचला आणि मी खुर्चीत सरळ बसले, आमच्याच तालुक्यातला. हुंगून बघ, म्हणाली. मी नाक लांबूनच नेलं. अगं बाई, पेरू! अर्धा कच्चा, हिरव्या सालीचा, आणि मागून भोपळी मिरची चिरल्याचा वास. मी बोलून गेले आणि सईनं टाळी वाजवली. जिभेवर मात्र आंबट, झटका देणारी. दुसरी शेनिन ब्लाँ, तीही आमच्याकडचीच, किंचित गोडसर, तिखटाला शांत करणारी. तिसरी शार्डोने, परदेशी, लाकडी पिंपात मुरलेली. तिला लोण्याचा आणि भाजलेल्या दाण्यांचा वास होता. सई म्हणाली टोस्टी. मी म्हटलं, खमंग. ती म्हणाली, हां यार, खमंग, हा शब्द मी विसरलेच होते. तिच्याकडे वासांना इंग्रजी शब्द चिक्कार, मराठी चार. मी एकेक देत गेले, आंबूस, तुरट, कुबट, करपट, आणि ती ते पुन्हा पुन्हा तोंडात घोळवत राहिली. हे मात्र थुंकले नाहीत.

चौथी जर्मनीची, रीसलिंग. सईनं ती जपून ओतली. मी ग्लास नाकाशी नेला आणि झटकन मागे घेतला. रॉकेल! शंभर टक्के रॉकेल. लहानपणी रेशनच्या रांगेत डबा धरून उभी राहायचे तोच वास. म्हटलं, बाटली बदलून आण, कुणीतरी फसवलंय तुला. सई पोट धरून हसायला लागली. म्हणाली, हा वास यावा म्हणूनच लोक ही वाइन वर्षानुवर्षं ठेवतात. आमच्या आईच्या हयातीत एकदा डाळीला रॉकेलचा वास लागला होता, तर तिनं ती गाईलाही घातली नव्हती.

हसू ओसरल्यावर सईनं दिवाळीतली गोष्ट सांगितली. तिचा अभ्यासक्रम पुरा झाला होता. ती ह्याच वाइनची बाटली आणि एक ग्लास घेऊन घरी गेली. प्यायला नव्हे, नुसतं हुंगायला. ग्लास बाबांपुढे धरला आणि म्हणाली, ओळखा. लहानपणीच्या आंब्यासारखं. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, आणि एकाएकी त्यांचा चेहराच बदलला. ग्लास टेबलावर आपटला, दांडी तुटली. ह्या घरात हे चालणार नाही, म्हणाले.

"मावशी, हॉटेल मॅनेजमेंटला ॲडमिशन घ्यायला बाबाच माझ्याबरोबर आले होते," सई म्हणाली. "तेव्हा काही प्रॉब्लेम नव्हता. मग त्या दिवशी काय झालं?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मटकी भिजत घालायला उठले.

गुरुग्राम

गुरुग्राम म्हणजे काचेचं गाव. इमारती इतक्या उंच आणि चकचकीत, की एकीत दुसरी दिसते आणि दुसरीत गाईंचा कळप. हो, रस्त्याच्या मधोमध गाई बसलेल्या असतात आणि मोठाल्या गाड्या त्यांना वळसा घालून जातात. एवढं एक आपल्यासारखं.

हॉटेलच्या स्वयंपाकघरात मला टोपी घालायला लावली. पुरणयंत्र नव्हतं, चाळणीवर पुरण घासलं. दोन्ही आचारी गढवालचे, मवाळ बोलणारे, पण माझ्या कढईतल्या तेलाकडे बघून त्यांचे डोळे मोठे झाले. सईनं क्रम समजावून सांगितला होता. कोथिंबीर वडीबरोबर पेरूवाली. उसळीबरोबर गोडसर. वरण-भात-तुपाबरोबर लोण्याची. भरल्या वांग्याबरोबर जर्मन. आणि सगळ्यात शेवटी पुरणपोळी, तिच्याबरोबर एक वेगळी, मधासारखी गोड. मी मान डोलावली. ऐकलं सगळं, पण ते कानातून हातापर्यंत काही पोचलं नाही.

पानं वाढायची वेळ आली. मी हट्टानं स्वतः वाढत होते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. तरी पान रिकामंच दिसत होतं. गोडाशिवाय पान पुढे करायला माझा हात धजेना. प्रत्येकाच्या ताटात पुरणपोळीचा चतकोर ठेवला, वर तुपाची धार सोडली, आणि पाहुण्यांना हिंदीत सांगितलं, आमच्यात आधी गोड खायचं. दिल्लीची माणसं अगत्यशील. सगळ्यांनी वा वा करत तो चतकोर संपवला. दुसरा मागितला, तोही दिला.

तेवढ्यात सई बाहेरून पहिली बाटली घेऊन आली. पेरूवाली, कोरडी, म्हणजे जरासुद्धा गोड नसलेली. आमच्या तालुक्याचं कौतुक तिनं सुरेख सांगितलं. सगळ्यांनी घोट घेतला आणि एकेकाचं तोंड असं झालं, जशी चिंच चावली. एका गृहस्थांनी ग्लास उजेडात धरून आत काही पडलंय का ते पाहिलं. मालकीणबाई हळू आवाजात सईला विचारू लागल्या, की बाटली खराब निघाली का.

सईनं ताटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, तू गोड आधी दिलंस?"

"मग कधी देणार? आधी गोडच असतं."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं मला तिथेच हळू सांगितलं, की साखर खाऊन त्यावर कोरडी वाइन प्यायली की ती नुसती आंबट आणि कडवट लागते. पेढ्यावर ताक पिऊन बघ. मला ते त्या क्षणी लख्ख समजलं, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पोरीच्या संधीवर मी माझ्या हातानं तुपाची धार सोडली होती.

पण सई माझी भाची आहे. तिनं एक श्वास घेतला आणि पाहुण्यांकडे वळून हसली. म्हणाली, आत्ता तुम्हाला जे लागलं ते मुद्दाम लक्षात ठेवा. आता ताटात डावीकडे पाहा. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवा, वर लिंबाचा थेंब, मग कोथिंबीर वडीचा तुकडा खा. मग हाच ग्लास पुन्हा घ्या. मंडळींनी शाळेतल्या मुलांसारखं सगळं केलं. आणि चेहरे उघडत गेले. आंबटपणा मागे सरला होता, पेरू पुढे आला होता. मीही घोट घेऊन पाहिला, शपथेवर सांगते, तीच वाइन आणि अगदी वेगळी. आपल्या पानात मीठ आणि लिंबू डावीकडे का असतं, ह्याचा विचार मी जन्मात केला नव्हता.

त्यानंतरचं जेवण रंगलं. उसळीच्या तिखटानं डोळ्यांत पाणी आलेल्या बाईंना गोडसर वाइननं असं सावरलं, की त्यांनी आणखी उसळ घेतली. रॉकेलची ओळख करून देताना सईनं चक्क माझी रेशनच्या रांगेची गोष्ट सांगितली आणि सगळे हसले. मालकीणबाईंनी जाताना माझे हात हातात घेतले, आणि सईला म्हणाल्या, उद्यापासून तूच बघ सगळं. मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले. खरं तर वाइनच्या पंगतीत त्याला बोलवावं की नाही, हा प्रश्नच होता.

पुन्हा सरोजिनी नगर

ठरल्याप्रमाणे सई घरी आली. सुट्टीचा दिवस, दुपारची वेळ. घरात खोक्यांच्या भिंती उभ्या होत्या, भिंतीवरचे फोटो उतरवलेले. वसू सकाळपासून हातातलं काम टाकून दुसरं धरत होती. अनंतराव आंघोळ करून इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. मुलीला पाहून उठले, पुन्हा बसले, आणि बस म्हणाले. दिवाळीपासूनचा हा पहिला शब्द. वसू डोळे पुसत आत पळाली आणि मी तिच्या मागे.

आत जाऊन तिला जवळ घेऊन उभी राहिले, आणि तेवढ्यात गॅसवरची शेवयांची खीर बुडाला लागली. बघता बघता घरभर करपट वास. ढवळून उपयोग नव्हता, सगळीत उतरला होता. मी ओतून टाकणार, तर वसू म्हणाली, गोड नाही म्हटलं तर ते आधी घास कशाचा घेतील, आणि आज भांडण नको. डबे सगळे बांधलेले, दुसरं काही करायला नाही. वाढू, माफी मागू, म्हटलं.

ताटं मांडली. सई वासानंच नाक मुरडून माझ्याकडे बघून हसली. मी माफीचं तोंड उघडणार, त्याआधी अनंतरावांनी चमचा उचलला, पहिला घास घेतला, दुसरा घेतला.

"वा, नलूताई. खीर झकास झालीय."

मला वाटलं, टोमणा मारतात. पण ते खरंच खात होते. मग ताटाकडे हात नेला, भातावर मीठ घातलं, लिंबू पिळलं. सईचं हसू चेहऱ्यावरच थिजलं. ती त्यांच्या हाताकडे बघत होती, मिठाकडे, लिंबाकडे, पुन्हा खिरीच्या वाटीकडे.

"बाबा," ती म्हणाली, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"तुम्हाला वास येत नाही. कधीपासून?"

वसूच्या हातातला डाव खाली पडला. माझे तर डोळेच पांढरे झाले. उतू गेलेलं दूध, ॲपवरचे आंबे, लोणचं, चव गेलेला हात, सगळं एकदम समोर उभं राहिलं. इतके दिवस मी त्या घरात राहिले, मनातल्या मनात त्यांना नावं ठेवली, आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

अनंतरावांनी चमचा खाली ठेवला. मग सांगायला लागले, ताटाकडे बघूनच. साथीच्या वेळी तिघांनाही ताप आला होता. सगळ्यांचंच नाक गेलं होतं. वसूचं परत आलं, सईचं आलं. घरात रोज विचारायचे, तुमचं आलं का? एक दिवस त्यांनी आलं म्हणून सांगून टाकलं. रोज वाटायचं, उद्या येईल, म्हणाले. मग इतके दिवस गेले की खरं सांगायचीच लाज वाटायला लागली. गोड, खारट, आंबट, तिखट तेवढं जिभेला कळतं. बाकी सगळं जेवण म्हणजे चोथा.

"आणि त्या दिवशी तू ग्लास पुढे धरलास," ते सईला म्हणाले. "ओळखा म्हणालीस. मी काय ओळखणार होतो? माझ्यासाठी पाणी होतं ते."

सई ताटावरून उठली आणि त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली. तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. वसू मात्र रडता रडता भडकली. म्हणजे मी इतकी वर्षं मेली चव गेली चव गेली म्हणून मसाले बदलत बसले, म्हणाली. त्यावर ते तिला सॉरी म्हणाले. नवऱ्याचं सॉरी ऐकून ती इतकी गोंधळली की त्यांना आणखी खीर वाढली.

मग माझे उरलेले दिवस असे गेले. सई कामावर जाण्याआधी मुनिरकाहून बरण्या घेऊन यायची. लवंग, लिंबाची साल, वेलची, कॉफी. डॉक्टरांकडेही ती त्यांना घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, रोज हुंगत राहा, वास परत येईल की नाही, सांगता येत नाही. अनंतराव डोळे मिटून एकेक बरणी नाकाशी धरायचे आणि मान हलवायचे. नाही. नाही. हेही नाही. बघवत नसे. पण दुसऱ्या दिवशी सई यायच्या आधी ते खुर्ची खिडकीशी ओढून बसलेले असत.

मी निघाले त्या दुपारी ऑटो बोलावला होता. माझी पिशवी दारात होती. सई मला स्टेशनवर सोडणार होती. आणि अनंतराव अचानक म्हणाले, तो ग्लास आण. सईला कळेना कुठला. म्हणाले, दिवाळीत आणला होतास तो. तुझ्या पिशवीत बाटली आहे, मघाशी वसूनं पाहिली.

ती जर्मन बाटली सईनं मला निरोपाची म्हणून आणली होती. वाइनचे ग्लास घरात कुठले असणार? स्टीलचं फुलपात्र उरलं होतं. सईनं त्यात ओतली. आमचे अनंतराव, ज्यांनी उभ्या जन्मात थेंब घेतला नाही, ते सदऱ्याच्या बाह्या सावरून खोक्यावर बसले आणि फुलपात्रात नाक खुपसलं. वसू आ वासून बघत राहिली. मीही.

किती तरी वेळ ते तसेच होते. मग मान हलवली.

"नाही येत," म्हणाले. "तू सांग. तुला कशाकशाचा वास येतोय?"

सईनं फुलपात्र आपल्या नाकाशी नेलं. म्हणाली, आधी लिंबाची साल. मग कच्चं सफरचंद. थोडा मध. मागून ओल्या दगडाचा. आणि सगळ्यांच्या वर, उग्र, रॉकेल.

"रॉकेल?" अनंतराव म्हणाले. "जर्मनीहून रॉकेल आणवता तुम्ही?"

आणि ते हसले, मोठ्यानं, पूर्वी माहेरी हसायचे तसे. हसता हसता डोळे पुसले. तिच्या हातातलं फुलपात्र परत तिच्या नाकाशी नेलं. आमच्या घरी स्टो होता, म्हणाले. आई पहाटे पेटवायची, तेव्हा मला त्या वासानंच जाग यायची.

"आता परत पहिल्यापासून सांग. सावकाश."

खाली ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. मी गच्चीत जाऊन त्याला जा म्हणून सांगितलं. गाडी चुकली तर चुकली.